इंगळे मॅडम आणि ‘गोळा करणे’

इंगळे मॅडम कुणाचा अपमान करायच्या तेव्हा आवाज चढवत नसत, उलट थोडा उतरवत. मग समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे झुकावं लागे, आणि झुकलेला माणूस निम्मा तिथंच हरलेला असे.

जळगाव जामोदच्या ज्युनिअर कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत आणि मी मराठी. जवळजवळ सगळी नोकरी आम्ही एकाच स्टाफरूममध्ये काढली, तरी त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. “ओ मराठीवाले,” एवढंच. गणिताचे सर ‘आकडेवाले’. प्राचार्यांना तोंडावर ‘सर’ आणि पाठीमागं ‘सहीवाले’. पाठीमागं म्हणजे फार लांब नाही, त्यांना ऐकू जाईल इतपतच.

परवा गावात चौकात नवा फ्लेक्स लागला. ‘इंग्रजीची भीती कायमची घालवा!’ खाली प्राध्यापक चोपडे यांचा हसरा फोटो, अंगात कोट. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसाला स्वतःची कातडी जड होते, पण चोपड्यांचा कोट बारमाही. तो फ्लेक्स पाहिला आणि मॅडमची फार आठवण झाली. चोपड्यांकडे येतोच, आधी मॅडम.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या. कॉटनची साडी, तिला अशी कडक इस्त्री की बसल्या तरी साडी उभीच आहे असं वाटावं. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला. स्टाफरूमचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. एकदा कुणी आग्रह केला तेव्हा कपात डोकावून म्हणाल्या, “हा चहा नाही. चहा होऊन गेल्यानंतरचं पाणी आहे.” त्या घरून थर्मास आणत आणि खिडकीशी एकट्या बसून पीत. हातात लाल पेन आणि समोर वर्तमानपत्र. इंग्रजीच नाही, मराठी वर्तमानपत्रही त्या लाल करून टाकत आणि घडी घालून माझ्या टेबलावर ठेवत, जणू ते मीच छापलं होतं.

बाजारातून चालताना पाट्या वाचायची त्यांना खोड होती. एका दुकानावर ‘न्यू साडी कलेक्शन’ अशी पाटी होती. त्या सरळ आत गेल्या आणि मालकाला विचारलं, “कुठून कुठून जमवल्यात?” मालक खुशीत म्हणाला, “सुरतहून, मॅडम.” “जमवल्यात की विकत आणल्यात?” “विकत आणल्या ना!” “मग विकायला आणल्यात म्हणा. संग्रहालय असल्यासारखं काय लिहिता?” पाटी अर्थातच बदलली नाही. मॅडमनी ते दुकान बदललं.

आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत होती. इकडं मी अलंकार शिकवायचो आणि तिकडं मॅडम पोरांची सालटी काढायच्या. माझी पोरं माझ्याकडं तोंड करून त्यांचं ऐकायची. मीही बऱ्याचदा तेच करायचो.

एके दिवशी तिकडं गोपाल नावाच्या एका पोराला त्यांनी उभं केलं. धड्यात वाक्य होतं, ‘आय गॅदर यू आर लीव्हिंग टुमारो.’ गोपालनं गाइडमधून खणखणीत वाचलं, “मी गोळा करतो की तुम्ही उद्या जात आहात.”

मग मॅडमचा उतरलेला आवाज. “काय गोळा करतोस?”

“मॅडम, ते गाइडात नाही दिलं.”

वर्ग हसला. माझाही हसला. मॅडम हसल्या नाहीत. “आण इकडं ते.” त्यांनी गाइडचं कव्हर वाचलं, “लेखक, अनुभवी प्राध्यापक. यांना कलेक्ट दिसलं, गोळा करणे. गॅदर दिसलं, गोळा करणे. पिक दिसलं, गोळा करणे. या माणसाचं घर कसं असेल रे? झोपायलाही जागा नसेल.” आणि मग गाइड खिडकीतून बाहेर गेलं. ते सायकल स्टँडच्या पत्र्यावर जाऊन पडलं आणि तिथंच पिवळं होत राहिलं.

“आता सांग भैताडा, तुझी आई कापसाच्या वावरात काय करते?”

“कापूस येचते, मॅडम.”

“मेथी?”

“खुडते.”

“आंबे?”

“उतरोते.”

“शेण?”

“उचलते.”

“आणि माणूस जाळला, की तिसऱ्या दिवशी राखेचं काय करतात?”

“सावडतेत, मॅडम.”

“आणि गणपतीची वर्गणी?”

“गोळा करतो!”

“हां. तेवढीच गोळा होते. घरात एवढे शब्द आहेत तुमच्या, आणि इंग्रजीच्या दारात गेलात की एकच फुटका डबा पुढं करता. लाज वाटत नाही?”

मग त्यांनी शिकवलं. तो तास मी भिंतीला पाठ टेकून ऐकला, माझ्या वर्गाला वाचन लावून. गॅदर म्हणजे जमणं, जमवणं. परकराला चुण्या घालतात तेही गॅदर, कारण कापड एका जागी जमतं. आणि ‘आय गॅदर’ म्हणजे मला कुणी सरळ सांगितलेलं नाही, पण इकडून तिकडून कानावर आलंय. “तुम्ही उद्या निघालात म्हणे. हे ‘म्हणे’ आहे ना, तेच ते गॅदर.” पिक म्हणजे वेचणं. पण वेचताना चांगलं ते घेता, वाईट ते सोडता, म्हणून पिक म्हणजे निवडणंही. भांडण पिक करणं म्हणजे उकरून काढणं. “आणि तू मघापासून नाकाशी जे करतोयस गोपाल, तेही पिकच.” पिक अप म्हणजे उचलणं. “तुला हिंदी कुणी शिकवली? कुणीच नाही ना? बाजारात ऐकून ऐकून उचललीस. तेच पिक अप. आणि आजारी माणूस पिक अप झाला म्हणजे त्याला कुणी उचलून नेलं नाही. तो सुधारला.”

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, मंग कलेक्टर काय गोळा करते?”

“शेतसारा. इंग्रजानं निदान नावात खरं सांगितलं होतं, मी घ्यायला आलोय म्हणून. आपण त्याला जिल्हाधिकारी म्हणायला लागलो आणि काय घेतो ते विचारायचं सोडून दिलं.”

असा तास मी जन्मात घेतला नाही. पण मॅडम प्रेमळ होत्या असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्या वर्गात मुली रडायच्या. मुलगी रडली की त्या म्हणायच्या, “कलेक्ट युअरसेल्फ,” म्हणजे स्वतःला सावर, आणि पुढचा प्रश्न तिलाच विचारायच्या. कच्च्या पोरांची त्या गय करत नसत आणि पक्क्या पोरांचं कौतुक करत नसत. मी एकदा म्हणालो, “मॅडम, जरा सबुरीनं घ्या. खेड्यातली पोरं आहेत.” त्या म्हणाल्या, “सबुरी तुम्ही शिकवा. तुमच्या विषयात पास व्हायला तेवढीच लागते. आणि खेड्याचं मला सांगू नका.”

त्यांचं खेडं सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील लोकांच्या वावरात राबायचे. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो आणि मी सहज विचारलं होतं की इतक्या भाषा सोडून इंग्रजीच का. त्या लाल पेन खाली न ठेवता म्हणाल्या, “माझा बाप म्हातारा झाला तरी गावातली शेंबडी पोरं त्याला ‘ए’ म्हणायची. ‘ए इंगळ्या.’ बाप ‘जी’ म्हणायचा. शाळेत मला इंग्रजी लागलं तेव्हा कळलं की इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. राजालाही यू आणि माझ्या बापालाही यू. ठरवलं, ही भाषा आपली.” मी काहीतरी भारावून बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “आता यावर लेख लिहू नका.”

त्यांच्या हयातीत मी तो लिहितोय. त्या वाचणार नाहीत, मराठी लेख त्या फक्त तपासायच्या.

संस्थेच्या अध्यक्षांशी त्यांचं बिनसलं ते गॅदरिंगच्या दिवशी. आमच्याकडे शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला गॅदरिंगच म्हणतात. त्या वर्षी कुणी मोठे अधिकारी पाहुणे येणार होते, म्हणून अध्यक्षांनी मॅडमना इंग्रजीत सूत्रसंचालन करायला लावलं. पोरं सकाळपासून मांडवात बसलेली. पोरींच्या चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळायला लागली, लेझीमवाल्यांनी लेझीम खाली ठेवलं. पाहुणे अध्यक्षांच्या घरी नाश्ता करत होते. नाश्ता काही संपेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मॅडम माईकपाशी गेल्या आणि सावकाश म्हणाल्या, “मुलांनो, गॅदरिंगचा अर्थ जमणे. तुम्ही जमलात. गॅदरिंग झालं. घरी जा, जेवा.”

पोरं ती! कुणी दुसऱ्यांदा सांगायची वाट पाहिली नाही. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा मांडवात खुर्च्या होत्या, प्राचार्य होते आणि एक कुत्रं होतं. अध्यक्ष त्या दिवशी हसले, कारण पाहुणे शेजारी होते. पण हिशेब मनात ठेवणारा माणूस.

आता चोपडे. चोपडे हे अध्यक्षांचे साळे. बी.ए. कसेबसे झालेले, आधी मोबाइलचं दुकान होतं, ते बसलं आणि इंग्रजीची अकॅडमी उभी राहिली. नावाआधी प्राध्यापक त्यांनी स्वतःच लावून घेतलं. त्यांचं बोधवाक्य होतं, ‘एक शब्द, एक अर्थ, एक महिना!’ पोरं पाठ करायची. कलेक्ट, गोळा करणे. गॅदर, गोळा करणे. आईबापांना वाटायचं, पोरगं फाडफाड बोलायला लागलं. त्यात गावाचाही दोष कमी नाही. मॅडमच्या तासाला पोरगं रडून घरी येतं आणि चोपड्यांच्या तासाला टाळ्या घेऊन येतं, मग बाप कुठं पाठवणार? मॅडम त्या अकॅडमीवरून जाताना पाटीकडं पाहतसुद्धा नसत. सगळ्या गावाच्या पाट्या वाचणाऱ्या बाई ही एकच पाटी वाचत नसत.

माझ्या घराच्या मागं शालिग्रामभाऊ राहायचे. वांगी, मिरची पिकवायचे आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा अनिकेत आमच्याच कॉलेजात शिकला, पुढं डिप्लोमा करून चेन्नईजवळ एका कारखान्यात लागला. शांत पोरगा. मॅडमनी एकदा त्याच्या निबंधावर ‘ठीक’ असं लिहिलं होतं. मॅडमचं ‘ठीक’ म्हणजे काय ते आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. ती वही त्यानं जपून ठेवली होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. मी तासावरून येत होतो तेव्हा शिपायानं सांगितलं, “सर, तुमच्या शेजारचा अनिकेत गेला. चेन्नईहून फोन आला.” मॅडम मागंच होत्या. त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “चला.”

शालिग्रामभाऊंच्या अंगणात माणसं जमली होती. अनिकेतची आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, नुसती समोर पाहत होती. मधोमध खुर्चीवर चोपडे, कोटासकट. अंगणातली एकमेव खुर्ची ती. दवाखान्यातून फोन आला, पलीकडचा माणूस इंग्रजीशिवाय काही बोलेना, म्हणून घरच्यांनी कोपऱ्यावरच्या अकॅडमीतून त्यांना बोलावून आणलं होतं.

आणि शालिग्रामभाऊ ओसरीवर बसून एका नव्याकोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी घालत होते. घालायचे, उलगडायचे, परत घालायचे.

मॅडम त्यांच्यापाशी गेल्या. “शालिग्रामभाऊ, हे कशाला?”

त्यांनी वर पाहिलं. “न्या लागन ना मॅडम संगं. लहान तं नाई पडनार?”

“कशाला लहान पडेल?”

“पोट्ट्याले गोळा कराले.”

मला काही कळलं नाही. मॅडमना कळलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी सावकाश विचारलं, “गोळा करायला कोणी सांगितलं?”

खुर्चीवरून चोपडे म्हणाले, “मॅडम, मीच बोललो ना फोनवर. दवाखान्यावाल्यांनी क्लिअर सांगितलं. बॉडी कलेक्ट करा.”

“आणि तुम्ही यांना काय सांगितलं?”

“तेच. बॉडी गोळा करून न्या म्हणून.”

“कशानं गेला ते विचारलंत?”

“ते त्यांनी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलंत का?”

चोपडे कोटाची बाही ओढू लागले.

मॅडमनी अनिकेतच्या काकाच्या हातातला फोन घेतला आणि त्याच नंबरवर लावला. अंगणात इतकं शांत होतं की त्यांचं हळू आवाजातलं इंग्रजी सगळ्यांना ऐकू येत होतं, पण समजत फक्त एकदोघांना होतं. त्या विचारत होत्या आणि थांबत होत्या. मग “थँक यू” म्हणाल्या, फोन परत दिला आणि त्या कडक इस्त्रीच्या साडीसकट शालिग्रामभाऊंसमोर जमिनीवर बसल्या.

“माझ्याकडं पाहा. अनिकेतला डेंगू झाला होता. तो तापानं गेला. दवाखान्यात, पलंगावर गेला.”

“गाडीखाली नाई आला?”

“नाही.”

“मशीनमंदी?”

“नाही, भाऊ. अख्खा आहे तो.”

“अख्खा?”

“हाव. अख्खा. चेहरा आहे, हात आहेत, पाय आहेत. ते लोक फक्त म्हणत होते, आपलं माणूस आपण घेऊन जा. एवढाच अर्थ आहे त्याचा. घेऊन जा.”

मॅडमच्या तोंडून ‘हाव’ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं त्यांनी आपली बोली स्टाफरूमच्या बाहेर ठेवली होती.

शालिग्रामभाऊंच्या हातातलं कापड तसंच राहिलं. आणि चुलीपाशी बसलेल्या आईच्या तोंडून तेव्हा पहिला आवाज फुटला. “माह्या लेकरा!” तोवर त्या बाईला रडताही आलं नव्हतं. कोणत्या तुकड्यासाठी रडायचं, हे तिला कळत नसावं. अंगणातल्या बायका तिच्याकडं धावल्या.

मॅडम उठल्या. साडीची माती झटकली नाही. चोपड्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज आणखी उतरवून म्हणाल्या, “चोपडे, तिकडच्या लोकांनी या पोराला पांढऱ्या चादरीत नीट झाकून ठेवलंय. त्याचे तुकडे इथं झाले, या अंगणात, आणि ते तुम्ही केले. आता उठा. ही खुर्ची बापाला द्या.”

चोपडे उठले. गर्दीतून वाट काढत निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही की काही बोललं नाही. आमचा गाव तसा सभ्य आहे, विशेषतः अध्यक्षांच्या नातेवाइकांशी.

चेन्नईला शालिग्रामभाऊ आणि त्यांचा भाऊ जाणार होते. मॅडम न विचारता रजा टाकून त्यांच्याबरोबर गेल्या. परत आल्यावर त्यांनी तिथलं एक अक्षर सांगितलं नाही. कुणी विचारलं की “काम झालं” म्हणायच्या. मला जे कळलं ते शालिग्रामभाऊंकडून, पुढं कधीतरी ओसरीवर बसून.

“लय भांडली बाई तथी,” ते म्हणाले. “जो तो बाईशीच बोले. बाई म्हणे, मले नका सांगू, यायले सांगा. बाप हे आहेत. मंग तो साहेब माह्याकडं तोंड करून बोले, मले काई समजे नाई, बाई मंग मराठीत सांगे. पण बोलाचं माह्याशीच, असं तिनं लावलं. ‘सर’ म्हनत जाय मले तो साहेब.” मग म्हणाले, “बाई मले म्हणे, चेहरा पाहून घ्या. म्या म्हटलं, नाई होत. ते म्हणे, मी हात धरते, पाहून घ्या. पाह्यला. झोपला होता नुसता.”

इकडं चोपड्यांनी अध्यक्षांकडं तक्रार केली, भर समाजात अपमान झाला म्हणून. अध्यक्षांनी स्टाफची मीटिंग बोलावली. प्राचार्य फार गोड बोलले. “मॅडम, तुमचं ज्ञान आम्ही मानतो. पण शेवटी शब्दाचाच तर फरक होता. दोन ओळीत दिलगिरी लिहून द्या, विषय संपला.”

मॅडमनी विचारलं, “कोणत्या भाषेत लिहू? मराठीत लिहिली तर चोपड्यांना कमीपणा वाटेल, आणि इंग्रजीत लिहिली तर कळणार नाही.”

मी म्हणालो, चूक चोपड्यांची आहे, माफी त्यांनी त्या बापाची मागावी. माझं बोलणं कार्यवृत्तात आलं नाही. आकडेवाले छताकडं पाहत राहिले, विज्ञानवाल्या बाईंना अचानक खोकला लागला. ही सगळी माणसं पोरांना निर्भयतेवर निबंध लिहायला लावत होती.

शालिग्रामभाऊ स्वतः अध्यक्षांच्या घरी गेले. म्हणाले, “साहेब, बाईचा काई दोष नाई. माफी मागाचीच असन तं चोपडे सरायनं मागाव, माही.” अध्यक्षांनी त्यांना चहा पाजला, पोराबद्दल हळहळ व्यक्त केली आणि हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे असं सांगून वाटेला लावलं.

पुढच्या वर्षी बारावीचं इंग्रजी मॅडमकडून काढलं आणि तासिका तत्त्वावर चोपड्यांना दिलं. हो, चोपड्यांनाच! मला वाटलं होतं पोरं काहीतरी करतील. निदान एखादा अर्ज, एखादा दिवस बहिष्कार. काही नाही. पोरं मुकाट्यानं त्यांच्या तासाला बसली, आणि तोंडी परीक्षेचे गुण तेच देणार म्हटल्यावर राहिलेली पोरंही अकॅडमीत गेली. प्लायवूडच्या पलीकडून आता एका सुरात ओरडणं ऐकू यायचं. मी माझ्या वर्गाला मोठ्यानं कविता म्हणायला लावायचो, तेवढाच आडोसा.

मॅडमनी उरलेली नोकरी अकरावीवर काढली. तितक्याच कडक, तितक्याच न हसता. मी कधी हळहळलो तर म्हणायच्या, “तुम्ही काय माझ्या मयताला आलात?”

निरोपसमारंभ मात्र संस्थेनं थाटात केला. शाल, नारळ, फोटोवाला. अध्यक्षांनी कागद काढून वाचलं की मॅडम म्हणजे आमच्या संस्थेचं वैभव, इंग्रजी हा त्यांचा श्वास. टाळ्या झाल्या. मॅडम माईकपाशी आल्या. “अध्यक्षांनी आत्ता जे वाचलं ते मागच्या खेपेला आकडेवाल्यांच्या निरोपाला वाचलं होतं. गणिताच्या जागी इंग्रजी घातलं, एवढा त्रास घेतल्याबद्दल आभारी आहे.” आणि जाऊन बसल्या. शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती, ती तिथंच राहिली. नंतर ती प्राचार्यांच्या ऑफिसात पंख्यावरची धूळ पुसायला वापरलेली मी पाहिली.

त्यानंतर त्या भाचीकडं बुलढाण्याला राहायला गेल्या. निरोप नाही, पत्ता नाही. फोन केला तर “काही काम होतं का?” असं विचारायच्या. त्यामुळं मीही फोन कमी केले.

मागच्या हिवाळ्यात बुलढाण्याला एका मीटिंगसाठी गेलो होतो. स्टँडवर परतीच्या गाडीची वाट पाहत होतो तर धाडला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर मॅडम. बऱ्याच वाकल्या होत्या, हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची भरलेली पिशवी. धाडला बहिणीकडं निघाल्या होत्या. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी मला नीट पाहून घेतलं. “मराठीवाले. केस काळे करता?”

मी हो म्हणालो.

“कानामागं राहिलेत.”

गावाकडचं सांगू लागलो. शालिग्रामभाऊ बरे आहेत, वहिनी अजून फारशा बोलत नाहीत. ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग मी म्हणालो, चोपड्यांच्या आता तालुकाभर शाखा झाल्यात, कसला तरी पुरस्कारही मिळाला. मला वाटलं काही तिखट बोलतील. त्या म्हणाल्या, “गावाला जे पाहिजे होतं ते गावाला मिळालं. त्यात चोपड्याचं काय कर्तृत्व?”

तेवढ्यात गाडी लागली. दारावर एकच झुंबड उडाली. मी हात धरायला गेलो तर काठीनं त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः चढल्या. खिडक्यांतून मला आतलं दिसत होतं. बायकांसाठी राखीव असलेल्या सीटवर एक पांढऱ्या कपड्यातला उंच, जाडजूड गृहस्थ बसला होता. गळ्यात जाड साखळी, डोळे मिटलेले. नुकताच चढलेला माणूस एवढ्यात झोपतो कसा? मॅडम त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टरनं पाहिलं आणि दुसरीकडं तिकिटं फाडायला लागला.

“उठा,” मॅडम म्हणाल्या.

त्यानं एक डोळा उघडला. “आजी, मांगं जागा आहे ना. तथी बसा.”

मॅडम काहीतरी बोलल्या. आवाज उतरवून, त्यामुळं मला बाहेर ऐकू आलं नाही. तो गृहस्थ ऐकायला पुढं झुकला. मग त्याचा चेहरा पडत गेला आणि तो उठला. सगळी गाडी पाहत होती.

मॅडमनी पिशवीतून रुमाल काढला, सीट पुसली आणि तिथं आपली भाजीची पिशवी नीट टेकवून ठेवली. मेथीची पानं खिडकीशी आली. स्वतः मात्र बसल्या नाहीत. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं सीटचा दांडा धरून, वाकलेली पाठ जमेल तेवढी सरळ करून त्या उभ्या राहिल्या. त्या माणसानं सीटकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. त्यांना जागा बसायला नकोच होती.

मी खालून हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी वळणावर गेली तेव्हाही त्या तशाच उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं, टपाला डोकं लागू नये म्हणून मान तिरकी करून, तो पांढऱ्या कपड्यातला माणूस.